मतांची बारनिशी

मला मते नाहीत, ही गोष्ट मी आयुष्यात कोणापासूनही लपवून ठेवली नाही. उलट ज्या कचेरीत मी ३३ वर्षे आवक-जावक बारनिशी सांभाळली, त्या कचेरीत (तिचे नाव सांगत नाही, कारण निवृत्तिवेतन अद्याप चालू आहे) हाच माझा एकमेव गुण म्हणून गोपनीय अहवालात दरसाल नोंदवला जात असे. आलेला कागद घ्यावा, त्यावर तारखेचा शिक्का मारावा, आवक क्रमांक द्यावा, आणि आत काय लिहिले आहे याविषयी यत्किंचितही जिज्ञासा न बाळगता, 'उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित' असा शेरा मारून तो पलीकडच्या टेबलावर सरकवावा, एवढेच माझे काम होते व ते मी निष्ठेने केले. कागदाने दुष्काळ जाहीर केला काय, कुणाची बदली केली काय, की कुणाच्या विहिरीस मंजुरी दिली काय, माझी मुद्रा ढळत नसे. एकदा तर खुद्द माझीच वेतनवाढ रोखल्याचा हुकूम मीच आवक करून, क्रमांक देऊन, पुढे रवाना केला, आणि महिनाअखेरीस पगार कमी आला म्हणून तक्रार घेऊन गेलो, तेव्हा साहेबांनी चष्म्यावरून पाहत एवढेच विचारले, "भाऊसाहेब, पोचेवर ही सही कुणाची?"

अशा निर्लेप मनुष्याच्या मानेवर १८३ माणसांच्या मतांचे जोखड पडावे, ही दैवाची थट्टा नव्हे तर काय? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, लोकल गाड्या सर्वसामान्यांस बंद झाल्या, आणि ठाण्यास नोकरीला असलेला माझा पुतण्या आमच्या घरी अडकून पडला. दोन दिवस तो गावच्या शुद्ध हवेची स्तुती करीत होता; तिसऱ्या दिवशी त्याने घरोघरचे मोबाइल क्रमांक गोळा करून 'आपली उंबरमाळी' या नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला; आणि पाऊस लागल्यावर परत जाताना पिशवीत तांदूळ भरता भरता सहज म्हणाला,

"काका, तुम्हाला ॲडमिन करून ठेवलंय. मी बाहेर पडतोय, माझा फोन सारखा वाजतो."

"ॲडमिनने काय करायचं असतं?"

"काही नाही करायचं."

काही न करण्याचा माझा अनुभव प्रदीर्घ असल्यामुळे मी होकार दिला. कार्यभार हस्तांतरणाचा तक्ता नाही, दप्तराची यादी नाही, कपाटाच्या किल्ल्यांची मोजदाद नाही. इतक्या गाफीलपणे मी आयुष्यात कोणताही पदभार स्वीकारला नव्हता, आणि त्याची शिक्षाही यथाकाल मिळाली.

उंबरमाळी हे गाव ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी खंत करू नये, कारण त्यातले पुष्कळ जण तेथून गेलेले असतात. मध्य रेल्वेच्या मार्गावर खर्डी मागे पडल्यावर आणि कसारा येण्याआधी जे एक लहानसे स्थानक लागते, ते बहुतेक प्रवासी झोपेत ओलांडतात. तालुका शहापूर, पूर्वीच्या कागदोपत्री यालाच कोळवण म्हणत. मुंबईची तहान भागवणारे तानसा आणि भातसा हे जलाशय याच तालुक्यातले, आणि त्यामुळे उन्हाळ्यात तिकडे नळ वाहतात आणि इकडे टँकरची वाट पाहतात, अशी कामाची वाटणी पूर्वापार झालेली आहे. गावाच्या नावातच उंबर असल्यामुळे असेल, परंतु मोबाइलची रेंज आमच्याकडे उंबराच्या फुलासारखी आहे. ती असते असे सर्व सांगतात, पाहिलेला मात्र कोणी भेटत नाही. त्यातल्या त्यात ती फलाटाच्या कसाऱ्याकडल्या टोकाला दृष्टीस पडते, असा शोध शेजारच्या गुरुजींनी लावला. मग काय विचारता! टाळेबंदीच्या त्या दिवसांत संध्याकाळी पाचपासून गावातली पंचवीस-तीस माणसे तोंडाला फडकी बांधून, एकमेकांत नियमाप्रमाणे दोन हातांचे अंतर राखून, माना खाली घालून फलाटावर निश्चल उभी असत. एखाद्या परक्याने दुरून पाहिले असते तर त्यास शोकसभा चालली आहे असेच वाटले असते.

एके दिवशी रुळांची पाहणी करीत चाललेल्या एका गँगमनने न राहवून विचारले, "गाडी तं बंद हाय. वाट कुणाची बघतासा?"

"मेसेजची," सर्व जण मान वर न करता म्हणाले.

अशा कष्टाने जे मत पाठवावे लागते त्याचे मोल मोठे असणार, अशी माझी भाबडी समजूत होती. ती आमच्या दूधवाल्या मामांनी दूर केली. साथ पसरते ती विषाणूने नव्हे तर फाइव्ह-जीच्या लहरींनी, असे एक दीर्घ निवेदन त्यांनी ग्रुपवर टाकले, आणि ते जाईपर्यंत त्यांना एका पायावरून दुसऱ्या पायावर करीत फलाटावर चाळीस मिनिटे तिष्ठावे लागले. आता फाइव्ह-जी म्हणून जी काही वस्तू आहे ती आपल्या देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, आणि मामांचा सिद्धान्त होता २०२० सालचा. म्हणजे ज्या लहरी देशात दोन वर्षांनी यायच्या होत्या, त्यांचा उपद्रव आमच्या गावी, जेथे साधी टू-जीसुद्धा घागर घेऊन आणावी लागे, आगाऊच सुरू झाला होता. हे मी मामांच्या निदर्शनास आणले असते, पण मला मते नाहीत. पुढच्याच आठवड्यात गावात टॉवर व्हावा या मागणीच्या अर्जावर मामांची सही पहिली होती. "लहरींचं काय मग?" असे गुरुजींनी विचारताच मामा म्हणाले, "टॉवर पायजेच. पण तो खालच्या आळीत उभा करावा."

हळूहळू मला या मतांची जात कळू लागली. ग्रुपवर येणाऱ्या शंभर मतांपैकी नव्वदांना मालकच नसे. ती कोठून तरी आलेली असत आणि कोठे तरी निघालेली असत; आमच्या गावी ती केवळ घाट चढण्यापूर्वी इंजिन जोडून घ्यायला थांबत. मजकुराच्या माथ्यावर दोन बाण, आणि खाली, 'आलं तसं पाठवलं, खरंखोटं माहीत नाही.' हे वाचून माझे अंतःकरण भरून आले. आवक, जावक, वाचन निषिद्ध! ज्या कलेत मी ३३ वर्षे घालवली, ती कला ही भोळी माणसे कोणत्याही पगारश्रेणीवाचून, महागाई भत्त्यावाचून साधत होती. वारंवार पुढे ढकललेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असे बंधन कंपनीने एप्रिल २०२० मध्ये घातले. आमच्या लोकांनी त्यावर तक्रार केली नाही, त्यांनी तो एकेका ठिकाणी, पण दिवसभर पाठवला.

उरलेली दहा मते मात्र ज्याची त्यास स्वतःची असत, आणि खरा अनर्थ त्यांनीच केला. त्यांत अग्रपूजेचा मान गुरुजींचा. गुरुजी हे व्यासंगी गृहस्थ. कोणत्याही विषयावर त्यांचे मत तयार असते, आणि विषय नंतर आला तरी त्यांची हरकत नसते. अलीकडच्या दूरचित्रवाणी मालिका उगीचच लांबवतात, पूर्वीच्या कशा आटोपशीर असत, असे एका रात्री त्यांनी ठासून लिहिले आणि दाखला दिला तो 'चार दिवस सासूचे' या मालिकेचा. किराणा दुकानाचे शेठ हिशेबाचे पक्के. त्यांनी तत्काळ कळवले की ही मालिका २००१ साली सुरू झाली ती २०१३ साली संपली आणि तिचे तीन हजारांवर भाग झाले. यावर तासभर ग्रुप स्तब्ध होता. मग गुरुजींचे उत्तर आले, "सासूच्या मानाने चार दिवसच."

दुसरे आमच्या आळीतलेच एक काका. २०१६ साली आलेल्या 'सैराट'मुळे तरुण पिढी बिघडली, हे त्यांचे आवडते मत. पिढी नेमकी कोठकोठल्या प्रसंगाने बिघडली याची खातरजमा करण्यासाठी त्यांनी तो चित्रपट कल्याणास जाऊन तीन वेळा पाहिला होता, आणि त्यातल्या गाण्यावर भाच्याच्या हळदीत ते स्वतः नाचल्याची चित्रफीत ग्रुपवर कोणीतरी टाकली, तेव्हा त्यांनी मला मध्यरात्री फोन करून विचारले, "ॲडमिन म्हणून तुमची काही जबाबदारी आहे की नाही?"

जबाबदारी हा शब्द मी सेवाकाळात क्वचितच ऐकला होता, आणि तोही दुसऱ्या कुणास उद्देशून. त्या रात्री मला झोप आली नाही.

त्यात राजकारणाची भर पडली. १५ जानेवारी २०२१ रोजी राज्यात ग्रामपंचायतींच्या निवडणुकांचे मतदान होते. निवडणुका जाहीर झाल्या होत्या चौदा हजारांवर ग्रामपंचायतींच्या, आणि त्या सर्वांविषयी आमच्या ग्रुपला मते होती. मुरबाडच्या पलीकडल्या कुठल्याशा गावातील उमेदवाराविषयी एका सभासदाने लिहिले की हा इसम गाढव आहे. दुर्दैवाने तो इसम आमच्या शेठजींचा साडू निघाला. सकाळी शेठजींनी दुकानातली उधारीची वही उघडताच त्या सभासदाचा खुलासा आला की, माझ्या म्हणण्याचा विपर्यास करण्यात आला असून, मला गाढवाच्या कष्टाळू वृत्तीचा गौरव अभिप्रेत होता. आणि दुपारी, बाकी चुकती करण्याचा तगादा लागल्यावर, पुरवणी खुलासा आला की ते माझे वैयक्तिक मत होते. विपर्यास आणि वैयक्तिक मत, ही दोन औषधे आमच्या पुढाऱ्यांनी इतकी घरगुती करून सोडली आहेत की ती आता ओव्याच्या अर्कासारखी कोनाड्यात हाताशी असतात. वैयक्तिक मत म्हणजे जे १८३ जणांना सांगून झाल्यावर अंगाशी येते आणि मग एकाएकी आपले एकट्याचे होते ते, एवढी व्याख्या मी त्या दिवशी बारनिशीत नोंदवून ठेवली.

इतक्यात पुतण्याकडून एक मजकूर आला: 'ग्रुपवरील आक्षेपार्ह मजकुरास ॲडमिन जबाबदार, थेट तुरुंगवास!' मागाहून एक हसरे तोंड. तरुणांना तुरुंग म्हटले की हसू येते. मला पालघर आठवले. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याविषयी पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या ओळींना फक्त पसंती दर्शवली, आणि दोघींनाही अटक झाली. पालघर तेव्हा आमच्याच ठाणे जिल्ह्यात होते. निराळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी, त्यामुळे ही भीती आमची जिल्हांतर्गत भीती होती. पुढे ते प्रकरण बंद झाले, आणि ज्या कलमाचा आधार अशा अटकांना असे ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी रद्दही केले. परंतु कलम रद्द झाले म्हणून भीती रद्द होते असे थोडेच आहे? लिहिणारीइतकीच पसंती देणारी अडकते, तर ज्याने ओटी बांधून दिली, सतरंजी घातली आणि १८३ जणांना बोलावून बसवले, तो कसा सुटेल, या विचाराने मी दुसऱ्या दिवशी थेट वकील गाठला.

वकीलसाहेबांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, काळा कोट झटकला आणि विचारले, "तुम्ही स्वतः काही लिहिलंत?"

"नाही."

"कुणी लिहिलेलं काढून टाकलंत?"

"तेही नाही."

"म्हणजे काहीच केलं नाहीत. हं. हे तुमच्या बाजूनं आहे," ते म्हणाले आणि थोडा वेळ पंख्याकडे पाहून पुढे म्हणाले, "किंवा विरुद्ध."

"साहेब, नक्की काय समजू?"

"समजायचं काय त्यात? हे माझं व्यक्तिगत मत आहे. न्यायालयाचं निराळं असू शकतं."

मी ५०० रुपये ठेवले आणि सवयीने पावती मागितली. तोंडी सल्ल्याची पावती तोंडीच असते, असे त्यांनी तोंडी सांगितले.

परतीच्या वाटेवर माझ्यातला कारकून जागा झाला. ज्या देशात चपला सांभाळणारे मंडळ चपलांस जबाबदार नसते, वाहनतळ वाहनांस जबाबदार नसतो, आणि वृत्तपत्राचा संपादक स्वतःच्या पत्रात स्वतःच छापलेल्या मतांशी सहमत असेलच असे नसते, त्या देशात एका फलकाने जे काम होते त्यासाठी मी वकिलाकडे का गेलो, याचेच मला नवल वाटले. रात्री कंदिलाच्या उजेडात (वीज नेहमीप्रमाणे गेली होती) मी पुढील मसुदा सिद्ध केला:

'जाहीर ताकीद. तमाम सभासदांस कळविण्यात येते की, सदरहू ग्रुपवर जो कोणी इसम कोणताही मजकूर, चित्र अगर ध्वनी टाकील, तो त्याने स्वतःच्या अकलेने व स्वतःच्या जबाबदारीवर टाकला असे समजण्यात येईल. सबब, त्यापासून उद्भवणाऱ्या तंट्याबखेड्यास, अब्रूनुकसानीस अगर फौजदारीस निम्नस्वाक्षरीकार कोणत्याही प्रकारे जबाबदार राहणार नाही. ज्या सभासदांस स्वतःची अक्कल नसेल त्यांनी, ज्याची अक्कल वापरली त्याचे नाव व गाव नमूद करावे.'

पहाटे फलाटावर जाऊन मी हा दस्त पाठवला. दहा मिनिटांत ७१ अंगठे आले. त्यानंतर कोणीतरी, अर्थातच न वाचता, 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा भाऊसाहेब' असे लिहिले, त्याखाली सहा जणांनी केकची चित्रे टाकली, आणि सायंकाळी शेठजी अर्धा किलो पेढे घेऊन दारात उभे राहिले. "तुमचा वाढदिवस ज्येष्ठात असतो ना?" सौभाग्यवतीने आत बोलावून विचारले. "असू दे," मी म्हणालो, "पेढ्यांना हरकत घेण्याची मुदत संपली आहे."

या अंगठ्यांविषयी मात्र मला दोन शब्द बोलल्याखेरीज राहवत नाही. माझ्या उमेदवारीच्या काळात कचेरीत जो कागद येई त्याच्या तळाशी जांभळ्या शाईचा एक ठिपका आणि त्याशेजारी 'नि. डा. हा. अं.' एवढी अक्षरे असत, म्हणजे निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची. तो ठिपका पुसावा म्हणून सरकारने १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन काढले, रात्रीचे वर्ग उघडले, आणि आमच्या गुरुजींनी जवळच्या कातकरी वाडीवर कंदील घेऊन जाऊन, म्हाताऱ्यांची बोटे हातात धरधरून त्यांना सही करायला शिकवले. तो ठिपका मागे घेता येत नसे. त्या अंगठ्याने माणूस सावकारास, सरकारास आणि सोसायटीस बांधला जाई. पुढे सर्वजण सही करू लागले, पदवीधर झाले, त्यांच्या हाती महागडे फोन आले, आणि ते पुन्हा अंगठा देऊ लागले. फरक इतकाच की या अंगठ्यास शाई लागत नाही.

ती लागत नाही म्हणजे काय, हे मला त्यापूर्वीच्या नोव्हेंबरात कळले होते. गुरुजींनी ओढ्यावर वनराई बंधारा घालण्यासाठी रविवारी सकाळी आठ वाजता श्रमदानास यावे, येणाऱ्यांनी कळवावे, असे आवाहन केले. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणायच्या, वाळू-माती भरायची, तोंड शिवायचे आणि ओढ्यात आडव्या रचायच्या; चाळीस माणसे असली तर दोन तासांचे काम. ६४ अंगठे आले. गुरुजींनी ६४ माणसांचे कांदेपोहे सांगितले. रविवारी आठ वाजता ओढ्यावर आम्ही तिघे होतो, गुरुजी, मी आणि शेठजींचा कुत्रा. आम्ही साडेदहापर्यंत अकरा गोण्या भरल्या. त्यातली एक कुत्र्याने उकरली. पोह्यांचे पातेले पाहत गुरुजी बराच वेळ गप्प बसले होते. शेवटी कुत्र्यापुढे द्रोण ठेवीत म्हणाले, "यानं निदान अंगठा दिला नव्हता."

कॅनडात असे चालत नाही म्हणतात. तेथील सस्कॅचवान प्रांतात एका शेतकऱ्यास धान्य खरेदीदाराने जवसाच्या कराराचे छायाचित्र फोनवर पाठवले, शेतकऱ्याने उत्तरादाखल अंगठा धाडला, आणि पुढे माल दिला नाही. मला करार मिळाल्याचे मी कळवले होते, मान्य असल्याचे नव्हे, असा त्याचा बचाव होता (हा मनुष्य आमच्या कचेरीत उत्तम बारनिशी कारकून झाला असता). परंतु २०२३ साली न्यायाधीशांनी तो अंगठा म्हणजे सहीच आहे असे ठरवून त्यास ८२ हजारांवर कॅनडियन डॉलर भरायला लावले. हा न्याय उंबरमाळीस लागू झाला असता तर गावातल्या साठांवर माणसांच्या घरांवर जप्ती आली असती.

असो. एप्रिल २०२१ च्या शेवटी माझ्या सुटकेची वार्ता आली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी, गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात, असा निर्णय दिला होता की ॲडमिनच्या हाती सभासद घेणे व काढणे याहून फारसे अधिकार नसतात, कोण काय टाकणार हे त्यास आधी कळत नाही, आणि दोघांचा समान उद्देश सिद्ध झाल्याखेरीज दुसऱ्याच्या मजकुरास त्याला जबाबदार धरता येत नाही. ही बातमी मी तीनदा वाचली. मला अधिकार नाहीत हे उच्च न्यायालयाने इतक्या सन्मानपूर्वक मान्य करावे, याने मला गहिवरून आले. ही गोष्ट आमच्या घरी फार पूर्वीच सिद्ध झालेली असली तरी तिला लेखी आधार नव्हता. आयुष्यात प्रथमच काही वाचून, समजून आणि स्वतःच्या इच्छेने मी एक मजकूर ग्रुपवर टाकला.

पहिले उत्तर दूधवाल्या मामांचे आले, "फेक न्यूज हाय ही."

दुसरे शेठजींचे. "ॲडमिनच असले मेसेज पाठवू लागले तर लोकांनी बघायचं कुणाकडे?"

तिसऱ्यात गुरुजींनी मला खात्री केल्यावाचून काही पाठवू नये असा पोक्त सल्ला दिला, आणि त्याखाली ३८ अंगठे पडले.

खऱ्या गोष्टीचे आमच्या ग्रुपवर नेहमीच असे हाल होत. त्याच वर्षी जुलै महिन्याच्या २१ तारखेच्या रात्री जो पाऊस कोसळला, त्याने उंबरमाळीचे रूळ दिसेनासे केले. पाणी फलाटाशी येऊन टेकले, खर्डी-इगतपुरीच्या दरम्यान गाड्या थांबल्या, आणि ज्या गावाकडे कुणी ढुंकून पाहत नसे त्याचे नाव दुसऱ्या दिवशी सगळ्या वाहिन्यांवर झळकले. तोवर ग्रुपवर केरळचा पूर, चीनचा पूर आणि कुठल्याशा इंग्रजी चित्रपटातला पूर, हे तिन्ही उंबरमाळीचे म्हणून येऊन गेले होते व त्यांवर हळहळही व्यक्त झाली होती. शेवटी स्टेशनाजवळ राहणाऱ्या एका पोराने गुडघाभर पाण्यात उभे राहून खुद्द आपल्या फलाटाचे छायाचित्र टाकले. त्याला सर्वांनी मिळून झापले. गुरुजींनी तर पाटीवरल्या अक्षरांचे वळण पाहून हे छायाचित्र बनावट असल्याचे सिद्ध केले.

"गुरुजी, मी उभा हाय न इथं!" पोराने कळवळून लिहिले.

"तू उभा असशील," गुरुजींनी उत्तर दिले, "पण फोटो जुना आहे."

त्यानंतर मी राजीनामा दिला. म्हणजे ग्रुपमधून बाहेर पडलो. बाहेर पडताना दारावर कुणी अडवले नाही, निरोप समारंभ झाला नाही, श्रीफळ मिळाले नाही. इतके निःशब्द निवृत्त होण्यात जे सुख आहे ते मी सुमारे चार मिनिटे उपभोगले. पाचव्या मिनिटाला स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, मला ॲडमिन केलंय म्हणे. ते काय असतं?"

एकमेव ॲडमिन निघून गेला की यंत्र आपणहून दुसरा नेमते, ही तरतूद मला ठाऊक नव्हती. आणि पुतण्याने ग्रुप काढताना माझ्या मागोमाग काकूचा क्रमांक घातला होता, हेही विसरलो होतो. मी मटकन पाटावर बसलो. कारण तिच्या फोनमधले सिमकार्ड माझ्या नावावर, आधार क्रमांक माझा, आणि दुकानदाराच्या यंत्रावर अंगठा दिलेला तोही माझाच.

सौभाग्यवतीने मात्र चार ठिकाणी बोट दाबून पाहिले आणि वर्षभरात मला जे सापडले नव्हते ते तिला भाकरी उलथण्याच्या अवकाशात सापडले. ग्रुपवर केवळ ॲडमिननेच लिहावे, इतरांनी वाचावे, असे एक बटण त्यात होते. ते तिने दाबले. "टँकर किती वाजता येणार तेवढं कळवीन मी," ती म्हणाली, "बाकीचं काय करायचंय?"

'आपली उंबरमाळी' शांत झाली. परंतु मते ही बाळंतपणासारखी असतात, दिवस भरल्यावर ती थांबत नाहीत. तिसऱ्या दिवसापासून माणसे आमच्या ओटीवर येऊ लागली. आधी मामा, मग शेठजी, मग 'सैराट'वाले काका; फोनवर दोन ओळींत संपणारे मत तोंडी दोन कप चहाचे होते, असा अनुभव येऊ लागला, आणि साखरेच्या डब्याचा तळ दिसताच मी माळ्यावरून माझी जुनी कोरी बारनिशी खाली काढली. अनुक्रमांक, दिनांक, कोणाकडून, विषय, शेरा, सही, असे रकाने आखले, आणि ज्यास मत द्यायचे असेल त्याने ते नोंदवून सही करावी, म्हणजे चहा मिळेल, असा नियम केला.

मामांनी वही पाहिली आणि गाई सोडायची वेळ झाली म्हणून ते उठले. शेठजींना दुकान उघडे टाकून आल्याची आठवण झाली. काकांनी चष्मा आणला नव्हता. गुरुजी तेवढे बसले. मुंबईस पाणी देणाऱ्या तालुक्यास टँकर का लागतो याविषयी त्यांनी अर्धा तास उत्तम विवेचन केले, आणि ते मी शब्दशः उतरून घेतले.

"छान लिहिलंत," गुरुजी वाचून म्हणाले. "फक्त 'कोणाकडून' या रकान्यात माझं नाव घातलंय. तिथं 'एक ग्रामस्थ' घाला."

मी खोडून 'एक ग्रामस्थ' असे लिहिले, वही त्यांच्यापुढे फिरवली आणि पेनाचे टोपण काढून सहीच्या रकान्यावर बोट ठेवले. गुरुजींनी रकान्याकडे पाहिले, पेनाकडे पाहिले, उरलेला चहा एका घोटात संपवला. आणि मग उठून, पायात वहाणा सरकवीत, माझ्याकडे पाहून प्रसन्नपणे उजव्या हाताचा अंगठा वर केला व ओटीच्या पायऱ्या उतरून गेले.